कडेचा कीस

४ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर दिसलं म्हणून आईला वाचून दाखवायला धावत गेले आणि दुसऱ्याच ओळीला जीभ अडखळली. "आईला भेटायला यायचं आहे. त्याआधी ते नाणं तपासून घे आणि अस्सल असल्याचा सरकारी कागद पाठव." संपलं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तसं कार्ड. आईला मी पहिलीच ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "औषधवाला आहे तो. मोजूनमापून लिहितो."

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवतोस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आईच्या डोळ्यांचं तुला कळलंय, म्हणूनच तुला पाझर फुटला असणार. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे आणि तो पसरतो आहे. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. म्हणजे दाराची चौकट दिसेल, पण दारात उभा असलेला माणूस दिसणार नाही. माझा चेहरा आताच तिला अर्धामुर्धा दिसतो. सगळा जन्म मी चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात घालवला, लोकांना दिसायला लावलं, आणि घरच्या माणसाला लावायला माझ्याकडे एकही काच नाही. तिला तुझं तोंड बघायचंय, दिसतंय तोवर. किती दिवस दिसेल ते डॉक्टर सांगत नाहीत.

अशा वेळी तुला कागद हवा. आठवतो मला तो दिवस. बाबा गेले, आपण त्यांचं कपाट आवरत होतो. डबीतलं नाणं तू तुझ्या औषधांच्या तराजूत टाकलंस. डबीतल्या कार्डावर छापलेलं वजन वाचलंस. पुन्हा टाकलंस. मग म्हणालास, "ताई, हे बाबांचं नाणं नाही." कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, त्यामुळे पुढचं बोलायची तुला गरजच पडली नाही. कुणीतरी तशाच साच्याचं, थोडं कमी सोन्याचं नाणं करून ठेवलं आणि अस्सल लंपास केलं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

मी म्हटलं तुझा तराजू बिघडलाय. तू आठवड्यात समुद्रापलीकडे गेलास.

तपासून घेते. तुझ्यासाठी नाही, आईसाठी. अरे, पूल बांधून झाला तेव्हा पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत टिकलेल्या माणसांना दिलेलं नाणं ते. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला साल. आणि पुलावरून पाण्यात उतरलेली ती केसाएवढी रेघ, जिला बाबा "माझ्या क्रेनची दोरी" म्हणायचे. ते नाणं मी ओळखणार नाही?

ताई

११ मार्च

धाकट्या,

कामाला लागले. तू तिकडून उंटावरून शेळ्या हाक, इकडे मी चपला झिजवते.

आधी सोनाराकडे गेले. आपला जुनाच, आता त्याचा मुलगा बसतो, पण मुलगासुद्धा पिकलाय. त्यानं कसोटीच्या दगडाकडे हात नेला, मग थांबून म्हणाला, "दगडावर वरचंच कळतं. आत तांबं घालून वरून सोनं चढवणारे महाभाग आहेत. जरा कानस मारू?" मी म्हटलं मारा. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. त्यानं कडेवर कानस फिरवली, खाली धरलेल्या कागदावर सोनेरी भुकटी पडली, तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकला, भिंगातून बघितलं. "सोनं खरं. अगदी आतपर्यंत खरं." मी म्हटलं, मग लिहून द्या. तर म्हणतो, "ताई, मी सोन्याचं सांगितलं. हे टांकसाळीचंच नाणं आहे का, ते नाणीवाल्याला विचारा." भुकटीचा कागद मात्र घडी घालून आपल्याच खणात टाकला.

नाणीवाल्याचं दुकान पोस्टाच्या मागच्या गल्लीत आहे. त्याला मी मनातल्या मनात चिमटा म्हणते, कारण तो कशालाच हात लावत नाही. नाणं चिमट्यात, भिंग चिमट्यात, माझ्याकडेही चिमट्यात धरल्यासारखंच बघत होता. पहिला प्रश्न, "हे कुणी घासलं?" मी म्हटलं, आईनं. ती दर वर्षी पुलाच्या वाढदिवसाला दंतमंजन लावून ते लख्ख करते. त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "बाई, जुन्या नाण्याला कधी घासायचं नसतं. चेहरा जातो त्याचा." आईला जाऊन सांगितलं तर ती उलट तडकली. म्हणे, "काळं पडू द्यायचं होतं काय? माझ्या घरात काळं भांडं चालत नाही, नाणं चालेल?"

चिमट्यानं बराच वेळ बघितलं. मोजलं, मापलं. टांकसाळीच्या तपासणी विभागात न्यायला सांगितलं, कागद तिथेच मिळतो. तेव्हा तिथे जाईन. बाकी ठीक.

ताई

२ एप्रिल

"वजन किती भरलं?"

कार्डावर तीन शब्द! परक्या देशातून टपाल तीन शब्दांसाठी येतं, त्या पोस्टमनलाही लाज वाटली असेल. एवढ्या लांबलचक पत्रात मी काय काय लिहिलं, आईचं दंतमंजनसुद्धा लिहिलं, आणि तू बरोब्बर तेच हेरलंस जे मी लिहिलं नव्हतं. मान गए.

बरं, ऐक. वजन कमी भरलं. तू म्हणाला होतास त्याहूनही जरासं कमीच. चिमट्यानं दोनदा वजन केलं, तुझ्यासारखंच. मग नाणं पालथं घालून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "नक्कल असावी. चांगली आहे, पण नक्कल." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच घरी भट्टी लावून बसते. मी काय बोलले ते लिहीत नाही. बाहेर आले आणि चिमट्याच्या पायरीवर बसून राहिले. आपलंच नाणं खोटं निघालं तर दुसऱ्याला काय बोलायचं, असं आई नेहमी म्हणते. तिथे बसून मला त्याच शब्दांचा राग आला.

आता तुझ्या मनात मोर नाचत असतील. नाचू देत. पण मला एक सांग, मी चोरलं असतं तर हे नाणं घेऊन भरदिवसा दुकानं हिंडले असते का? चोरी करायची, वर तिचीच तपासणी करून घ्यायची, आणि पुन्हा वजन तुला कळवायचं? मी तिरसट आहे, मान्य. इतकी खुळी नाही.

रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. मी बदललं नाही. वजन कमी आहे. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि ती एकत्र बसत नाहीत. दुकानात काच घासताना मी परवा एका मास्तरांच्या चष्म्याची काच इतकी घासली की ती चौकटीतून खाली पडली. मालक म्हणाले, "बाई, लक्ष कुठाय?" मी काच उचलून पुन्हा चौकटीत बसवली.

कुणी बदललं असेल? बाबांनी? मनात आलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. बघ, तुझ्यामुळे मेलेल्या माणसावर संशय घ्यायची पाळी आली.

टांकसाळीत उद्या जाते. तुझ्या कार्डाला उत्तर हवं होतं ना, मिळालं.

ताई

२४ एप्रिल

धाकट्या,

टांकसाळीच्या तपासणी विभागात खिडकीवर एक गृहस्थ बसतात. त्यांचं नाव मी "उद्या" ठेवलंय. पहिल्या खेपेला म्हणाले, अर्ज उद्या मिळेल. दुसऱ्या खेपेला अर्ज दिला, पण डबी आणि कार्डही लागतं, उद्या आणा. तिसऱ्या खेपेला डबी घेऊन गेले तर यंत्र बंद, उद्या सुरू होईल. मी म्हटलं, साहेब, तुमच्याकडे आज नावाचा वार असतो की नाही? तर शांतपणे म्हणाले, "असतो ना. पण तो कालच संपला." सांग, या माणसावर ओरडायचं तरी कसं?

खिडकीशी बाक आहे. त्यावर माझ्यासारखीच मंडळी, प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी गुंडाळलेलं. एका आजोबांकडे पदक होतं. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे खरं आहे. पण सुनेला ठाऊक नाही." सगळा बाक हसला. मीही हसले आणि मग हसू आलं म्हणून चिडले.

मालकांनी रजेवरून बोलून घेतलं. खेटे घालून घालून नाकी नऊ आले. शेवटी परवा नाणं जमा झालं. पावती मिळाली. डबी रिकामी घेऊन घरी आले तर आईनं ती हातात घेऊन हलवली आणि घाबरून ओरडली, "गेलं कुठे?" मी सगळं सांगितलं. तुझ्या कार्डावरची दुसरी ओळही सांगितली. आता लपवून काय होणार होतं?

आईनं रिकामी डबी पदरानं पुसून ठेवली. मग म्हणाली, "त्याला लहानपणी दूध दिलं की आधी विचारायचा, साखर घातलीस ना? हो म्हटलं तरी बोट बुडवून बघायचा. आणि तू बोट बुडवलंस म्हणून त्याला मारायचीस. तुम्ही दोघं एकेका गोष्टीचा कीस काढता, मी मधल्या मधे." आणि रडली. मला तिचा राग आला, तुझा आला, त्या उद्याचाही आला. तिच्या जवळ जाऊन बसायचं सोडून मी भांडी आदळत बसले.

तिचा डावा डोळा आता गेल्यात जमा आहे. काल तिनं वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, अर्धं पान झालं तरी तिला कळलं नाही. मी हळूच सरळ करून दिलं. तुला कळावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

कागद मिळाला की लगेच पाठवते. तोवर तू तिकिटाचं बघून ठेवायला हरकत नाही. की तेही कागद बघूनच?

ताई

१९ मे

धाकट्या,

हे पत्र नीट, शेवटपर्यंत वाच. मधली ओळ शोधून कार्ड टाकू नकोस.

काल टांकसाळीतून बोलावणं आलं. खिडकीवर नाही, आत. आतल्या खोलीत परीक्षक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्म्याची एक दांडी सैल झालेली. माझे हात शिवशिवत होते, पण म्हटलं आधी आपलं काम. त्यांनी पडद्यावर आपलं नाणं दाखवलं, ताटाएवढं मोठं करून. पूल बघितला आणि मला भरून आलं. बाबांची दोरीही होती, चांगली सुतळीएवढी दिसत होती. मी त्यांना सांगितलं, ही क्रेनची दोरी. त्या म्हणाल्या, "ही साच्याला गेलेली चीर आहे. शेवटी शेवटी साचा चिरला, मग त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ही रेघ उमटली. टांकसाळीत तसंच एक ठेवलेलं आहे, त्याच्याशी ताडून बघितली. आणि तुमचं नाणं ठोकलेलं आहे, ओतलेलं नाही. हे आमचंच नाणं." मी म्हटलं, मग वजन?

त्यांनी नाणं पडद्यावर उभं केलं. कडेला सगळीकडे बारीक बारीक खाचा असतात, तुला ठाऊक आहे. त्या खाचा चालल्या होत्या छान ओळीनं, आणि मध्येच सपाट. पुन्हा खाचा, पुन्हा सपाट. बाई म्हणाल्या, "इथे कानस मारली आहे. इथे दुसरी, हिचे दात जाड. ही फार जुनी. ही जागा मात्र अगदी ताजी, लख्ख आहे." ताजी जागा माझी. मार्चमधली. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरात या नाण्यावर कुणाचाच भरवसा नव्हता का?"

जन्मभर काचा घासते मी. घासलं की कमी होतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? आणि तरी त्या सोनाराला म्हटलं, मारा.

घरी येऊन आईला धारेवर धरलं. आधी कानावर हात. मग एकेक बाहेर पडलं. नाणं मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा ते घेऊन सोनाराकडे गेले होते, ऑफिसनं पितळेवर भागवलं तर नाही ना, हे बघायला. पुढे आत्यानं नेलं, भावाला फसवलं असेल म्हणून. आणि आई? ती म्हणाली, "मी एकदाच. नाही, दोनदा. यांचं काम सुटलं होतं तेव्हा. वाटलं, यांनी खरं विकलं आणि दुसरंच आणून ठेवलं. मला सांगतील थोडेच?" मी म्हटलं, आई, चाळीस वर्षं संसार केलास ना! तर म्हणते, "म्हणून तर विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

दर वेळी सोनारानं सांगितलं, अस्सल आहे. दर वेळी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि नाणं डबीत परत आलं, आधीपेक्षा हलकं होऊन. एकमेकांना मात्र कुणी अवाक्षर बोललं नाही.

आणखी एक. कडेजवळ एक फिकट ठिपका आहे. परीक्षक बाई म्हणाल्या, ही सोनाराची रीत नाही, हा ॲसिडचा थेंब आहे, कुणीतरी थेट नाण्यावरच टाकलेला. आता आई काही ॲसिड आणायला गेली नसणार. आत्याला तर लिंबू पिळायची भीती वाटायची. औषधवाल्या माणसा, मी कुणाचं नाव घेत नाही. पण सोनं खरं आहे हे तुला त्याच दिवशी कळलं होतं आणि तू ते मला सांगितलं नाहीस, याचा मला संताप येतो. इतका की हे लिहिताना पेनाचं टोक कागदात घुसलंय, बघ.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. तुझा तराजू खरा होता. मी इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की माझ्या भावाला वजन करता येत नाही. तुला येत होतं. नाणं कमीच होतं. आणि मी बदललं नव्हतं. ती दोन वाक्यं एकत्र बसली, धाकट्या. ती बसली तेव्हा मी तिथल्या खुर्चीवर परक्या बाईसमोर ढसाढसा रडले. त्यांनी मला पाणी दिलं आणि मी त्यांच्या चष्म्याची दांडी घट्ट करून दिली.

मग कागदाची गोष्ट निघाली. बाई म्हणाल्या, "माझी खात्री आहे. पण वजन मर्यादेबाहेर असलं की नियमाप्रमाणे आतल्या धातूची परीक्षा झाल्याशिवाय सही करता येत नाही. कडेचा थोडासा कीस घ्यावा लागेल. अगदी थोडासा." शेजारी उद्या उभे होते, हातात अर्ज घेऊन. म्हणाले, "आजच करून टाकू. आज संध्याकाळी कागद तुमच्या हातात." विचार कर, त्या माणसाच्या तोंडून आज हा शब्द निघाला!

आईचे डोळे माझ्या डोळ्यांपुढे होते. कागद मिळाला तर तू येणार, हेही मला माहीत होतं. संमतीची सही करायला पेन हातात घेतलंही होतं. समोर पडद्यावर ती कड होती, ठिकठिकाणी खाल्लेली. मी पेन खाली ठेवलं आणि नाणं परत मागितलं. उद्या बघतच राहिले. "बाई, एवढे खेटे घातलेत आणि आता नको?" मी म्हटलं, नको.

तेव्हा कागद नाही. तो मिळणारही नाही, कारण मी कुणालाही पुन्हा कानस मारू देणार नाही, सोनाराला नाही, सरकारला नाही आणि तुलाही नाही. परीक्षक बाई तोंडानं काय म्हणाल्या ते मी वर लिहिलंय. त्याला साक्षीदार मी एकटीच. म्हणजे फिरून तू तिथेच आलास, माझा शब्द आणि तू. हे तुला आवडणार नाही ठाऊक आहे. मलाही आवडलेलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही बोट बुडवून बघितलं असतं.

आईला सांगितलं की कागद मिळाला नाही. ती म्हणाली, "मग तो यायचा नाही." आणि उजवा डोळा झाकून डाव्यानं भिंतीकडे बघत बसली, किती उरलंय ते तपासत. दिवसातून कितीदा तरी ती हे करते. मी तिचा हात खाली घेतला आणि म्हटलं, बस कर आता.

येशील तर लवकर ये. कळवून ये, न कळवता ये. बेल बिघडली आहे, दार वाजव. कोण आहे असं आधी विचारायची मला खोड आहे, पण या खेपेला विचारणार नाही. सरळ उघडीन.

ताई